मास्तरांचा रिकामा रस्ता

या, असे पुढे सरकून बसा. दाराजवळ नका बसू. तिथं कथा पोचत नाही, नुसता आवाज पोचतो. कीर्तनात बुवा आधी मागच्यांना पुढे बोलावतात, पोरांना मांडीवर घ्यायला सांगतात आणि मगच आख्यान लावतात. मीही आज एक आख्यान लावणार आहे. देवाधर्माचं नाही, सायकलीचं आहे. पण देव काय फक्त गाभाऱ्यातच बसतो असं थोडंच आहे. कधीकधी तो मुरमाच्या रस्त्याच्या कडेलाही बसलेला असतो, चपला काढून.

तर पांढरकवड्याला उत्तमसिंग राठोड नावाचे एक गृहस्थ आहेत. सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते, आता निवृत्त. त्यांच्या भिंतीला भिंत लागून बाबाराव खोब्रागडे मास्तरांचं घर. उत्तमसिंग तांड्यातले बंजारा, मास्तर बौद्ध. मधली भिंत इतकी पातळ, की एका घरी फोडणी पडली की दुसऱ्या घरी शिंक यायची. मास्तर त्यांना 'बाबू' म्हणत, ते मास्तरांना 'मास्तर'. दोघांनी रोज सकाळी सायकलवर फिरायला जायचं आणि जाता-येता भांडायचं, असा वर्षानुवर्षांचा नेम होता.

तो नेम एका ट्रकनं मोडला. हायवेवर मागून आला, मास्तरांना कडेला झटकलं आणि तसाच हैदराबादकडं निघून गेला, जणू विडीचं थोटूक फेकलं. पाय जोडला गेला, आत सळई बसली. हृदय आधीच थकलेलं, त्याचं 'पंपिंग' आणखी उतरलं. आणि तिसरी एक मोडतोड झाली, ती कुठल्याही एक्स-रेत आली नाही. मास्तरांना मागून हॉर्न सोसेना. हॉर्न वाजला की खांदे कानांपर्यंत चढायचे आणि माणूस असेल तिथून कडेला व्हायचा. असे ते भर बाजारात नालीत उतरले होते. एकदा टीव्हीवरच्या मालिकेत हॉर्न वाजला, तर दिवाणावरून उठून भिंतीला जाऊन लागले. रुपाली, त्यांची मुलगी, आधी हसली. मग तिला रडू आलं. मग तिनं टीव्ही बंद केला.

पुण्याच्या मुलाला, राजदीपला, रजा मिळेना, म्हणून त्यानं सायकल पाठवली. रजा मिळत नाही तेव्हा पोरं काहीतरी पाठवतातच. सायकल मोठी देखणी होती. जाड टायर, आणि हॅंडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. 'ग्रॅव्हल सायकल' म्हणे. समोरच्या घरातले रामराव, ज्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की सल्ला आहे, ते लगोलग पाहायला आले.

"हॅंडल वाकडं झालं पाहा येता येता. वापस करा."

"ते तसंच असते," मास्तर म्हणाले.

"कोन सांगतलं?"

"कंपनीनं."

"कंपनी तर असंच म्हनन." रामरावांनी टायर अंगठ्यानं दाबला, जसं टरबूज दाबतात. "आन चालवाची कुठी ही?"

"गिट्टीवर. मुरमावर."

रामरावांनी टायरवरचा अंगठा काढून घेतला. आपल्याकडं माणसं मुरमाच्या रस्त्यावर डांबर पडावं म्हणून जन्मभर अर्ज करतात, उपोषणाला बसतात, त्यातली काही वाट पाहत मरतातही. मुद्दाम मुरूम शोधत जाणारी सायकल पाहून त्या भल्या माणसाच्या काळजाला काय झालं असेल, ते तोच जाणे. जाताना एवढंच म्हणाले, "पोराले म्हना, लय झाले असन तर घरावर पत्रे टाकून दे."

सायकल पडवीत जुनी चादर पांघरून उभी राहिली. मास्तर तिच्याकडं पाहत, ती मास्तरांकडं.

दिवाळीच्या आधी नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. तपासून झाल्यावर ते मास्तरांशी न बोलता रुपालीशी बोलले, यावरून मास्तर समजायचं ते समजले. स्वतः विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सपाटीवर, हळू, दम लागायच्या आत थांबत असाल तर सायकल चालवा. आणि मनात काही असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

संध्याकाळी मास्तर उत्तमसिंगांना म्हणाले, "बाबू, मले एक डाव सायकल चालवाची हाये. मांगं न पाहता. पयले चालवत होतो तशी. मराचं तर हायेच, पन भेत भेत नाई मराचं मले."

"एवढंच ना?" उत्तमसिंग म्हणाले.

मंडळी, 'एवढंच ना' हे दोन शब्द ज्यानं तोंडातून काढले, त्यानं टॉवेल खांद्यावर टाकूनच घराबाहेर पडावं.

रिकामा रस्ता शोधता शोधता उत्तमसिंगांना जगाची लोकसंख्या नव्यानं कळली. आडरस्त्यांवर कापसाचे मेटॅडोर, कॅनॉलच्या वाटेवर रेतीचे ट्रॅक्टर, शिवारातल्या पांदणीत मोटारसायकलवरून लग्नाच्या पत्रिका वाटणारे. स्मशानाचा रस्ता तेवढा शांत होता. रामरावांनी तो सुचवलाही, पण मास्तर म्हणाले, "तिकडं नंतर जानंच हाये, रिहर्सल कायले?"

शेवटी उत्तमसिंगांना बहीण आठवली. बिजलीबाईचा तांडा झरी जामणीच्या जंगलात. तांड्याशेजारी सिंचनाचा तलाव. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मुरमाचा रस्ता निघतो, पाण्याच्या कडेनं सागवानात शिरतो आणि पार वननाक्यापर्यंत जातो. एसटी नाही, काळीपिवळी नाही. ठरलं.

आता रस्ता म्हटला की त्याला मालक आला, आणि इथं दोन निघाले. पाळ पाटबंधाऱ्याची, पुढचं जंगलखात्याचं. पहिल्या कचेरीत साहेब म्हणाले, "पायी जा. वाहन असन तर वरून विचारा लागते."

"सायकल हाये साहेब."

"चाकं हायेत ना तिले?"

"हायेत."

"मंग?"

दुसऱ्या कचेरीतला तरुण बाबू त्याहून मुरलेला होता. त्यानं गाडीचा नंबर मागितला. सायकलला नंबर नसतो हे ऐकून तो सावध झाला. बिननंबरी वाहन जंगलात सोडायचं, आणि उद्या त्यावरून सागवान गेलं तर? "सायकलवरून?" उत्तमसिंगांनी विचारलं. "काका, लोकं कशावरूनबी नेतात," असं म्हणून त्यानं खुर्ची मागं सारली आणि म्हणाला, "उद्या या."

उत्तमसिंगांनी हे शब्द सारी नोकरी लोकांना ऐकवले होते. टेबलाच्या अलीकडून ते पहिल्यांदाच ऐकले. उच्चारायला किती गोड होते, आणि कानात पडले तर कडू जहर. ते उद्या गेले. परवाही गेले. तिसऱ्या खेपेला मास्तर काठी टेकत सोबत आले. त्या तरुण बाबूनं शेवटचं अस्त्र काढलं. "काका, तिकडं वाघ हाये."

"हॉर्न तर नाई वाजवत ना तो?" मास्तरांनी अगदी मनापासून विचारलं.

कोपऱ्यात चहा पिणारे रेंजरसाहेब मान वर करून मास्तरांच्या पायाकडं पाहत राहिले. सगळी हकिकत विचारली. मग म्हणाले, "रविवारी जा, उन्हं उतरायच्या आत परत फिरा. मी कागद मागत नाही, तुम्ही दाखवू नका." अशीही माणसं असतात म्हणून पाऊस पडतो.

मास्तरांच्या बायकोची, प्रभावतीबाईंची, एकच अट होती. "फोन चालू ठेवजा. लावून खिशातच ठेवा. बोलू नका काई, मले निस्ता तुमचा आवाज येत राह्यला पाह्यजे." मास्तरांनी मानलं. सायकली मालवाहू टेम्पोत चढल्या, फोन लावून सदऱ्याच्या खिशात गेला आणि वाटभर प्रभावतीबाईंनी टेम्पोची खडखड मोठ्या भक्तिभावानं ऐकली. तांड्याच्या फाट्यावर टेम्पो परत पाठवला. रिकाम्या रस्त्यावर आपलीच गाडी कशाला.

आता इथं आख्यान थांबवून एक रीत सांगितली पाहिजे. बंजारा तांड्यात नात्यातलं माणूस बऱ्याच दिवसांनी आलं, की बायका त्याच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं हमसणं नाही, चालीत, सुरात, शब्द गुंफून रडतात. मागच्या भेटीपासून कोण गेलं, कोणाचं काय दुखलं, सगळं त्या रडण्यात येतं. मग पदरानं डोळे पुसून चहा ठेवतात. सुखाच्या भेटीलाही हीच रीत. उत्तमसिंग हे पाळण्यापासून ऐकत आलेले, त्यामुळं मास्तरांना आधी सांगून ठेवावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पाण्यात उतरण्याआधी पाणी ओलं असतं असं कोण सांगतं?

"वीराऽऽ," म्हणून बिजलीबाई भावाच्या गळ्यात पडली. शेजारच्या बायका मिळाल्या. याडीला रडल्या, म्हणजे आईला. थोरल्या भावाला रडल्या, म्हातारपणी गेलेल्या दोन म्हशींनाही रडल्या. मग पाहुणा कोण ते कळलं. वीराचा जिवाचा जोडीदार. त्याला बिनरडता कसं ठेवायचं? आणि पाहुण्याला समजावं म्हणून, हा खास मान, बिजलीबाईनं मराठीतून सूर लावला. ट्रकनं तुले रस्त्यात पाडलं रे बापा, काळीज तुह्यं थांबत आलं रे, घरी तुही लक्ष्मी वाट पाह्यते, तिले आता काय सांगू रे. हे सगळं मास्तरांच्या छातीवर डोकं ठेवून, म्हणजे थेट फोनच्या तोंडाशी.

त्यानंतर रेंज गेली.

"बाबू," मास्तर भारावून म्हणाले, "मी खराच मेलो तं इतकं कोनी रडन का बे?"

बिजलीबाईनं डोळे पुसले. "मास्तर, चहा गुळाचा का साखरेचा?"

चहाला तांड्याचे नाईक खेमसिंग आले. त्यांची सून उज्ज्वला दारात तांदूळ निवडत होती, नववा महिना लागलेला. खेमसिंगांनी वाकड्या हॅंडलची सायकल पाहिली आणि ती मोजणीचं यंत्र समजले. "रस्ता मोजाले आले का साहेब? डांबर कवा पडन?"

"डांबर नका पडू देऊ नाईक," मास्तर भाबडेपणानं म्हणाले. "डांबर आलं का गाड्या येतात."

खेमसिंगांनी कप खाली ठेवला.

"मास्तर, मांगच्या पावसाळ्यात पुतन्याची बायको या रस्त्यानं बाजेवर नेली आमी. नाक्यापरेंत पोचलो. ती नाई पोचली. ॲम्बुलन्सवाला म्हने, मुरमावर गाडी घालत नाई." राग नव्हता बोलण्यात, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुमाले गाडी नको हाये, आमाले पाह्यजे. दोघंबी खरे. चहा घ्या."

मास्तरांनी चहा घेतला. पण नंतर सायकलीजवळ नुसतेच उभे राहिले, हात लावेनात. सायकल न चालवताच परत जाणार असं उत्तमसिंगांना वाटू लागलं. शेवटी खेमसिंगांनीच हॅंडल धरून सायकल त्यांच्या पुढ्यात आणली. "चालवा मास्तर. रिकामा हाये तवरक चालवून घ्या."

इकडं पांढरकवड्यात काय झालं ते उत्तमसिंगांना मागाहून कळलं. प्रभावतीबाई फोन कानाला धरून तशाच खाली बसल्या. रुपालीनं पुन्हापुन्हा फोन लावला, तर 'कव्हरेज क्षेत्राबाहेर.' रामरावांनी सूत्रं हाती घेतली. अशा वेळी सूत्रं घेणारा माणूस लागतो, आणि रामराव जन्मभर त्याच तयारीत होते. त्यांनी दोन जीपा ठरवल्या. बॉडी आणायला म्हणून एक खाजगी ॲम्बुलन्स ठरवली. विहारातल्या महिला मंडळाच्या विमलताई पांढऱ्या साड्यांतल्या बायका आणि मेणबत्त्या घेऊन आल्या. फ्लेक्सवर कोणता फोटो टाकायचा यावर रामरावांचं आणि छापखान्यावाल्याचं जीपच्या दारातच वाजलं. रामरावांना निरोप समारंभातला फेट्याचा हवा होता. प्रभावतीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सायकलवरचा असन तर पाहा." फोटोचा वाद तिथंच मिटला आणि गाड्या निघाल्या.

तलावावर तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. पाणी हिरवट, थंड, मधल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. मास्तर पुढं, आणि बऱ्याच अंतरावर आपल्या जुन्या काळ्या सायकलवर उत्तमसिंग. टायरखाली मुरूम करकरत होता, बाकी आवाज नाही. पाळीवर मास्तर दर चार पायडलांना मान वळवून मागं पाहत होते, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखे. सागवानात शिरल्यावर मान कमी वळू लागली. एका वळणानंतर वळेनाशी झाली. खांदे हळूहळू खाली आले. उत्तमसिंगांना ते खांदे इतके खाली असतात याचाच विसर पडला होता. मास्तर शीळ घालत होते. बेसूर, भांडून भांडून बंद करायला लावलेली ती जुनी शीळ. उत्तमसिंगांनी त्या दिवशी ती तक्रार न करता ऐकली.

आणि मागं धूळ उठली.

आधी एक जीप, मागं दुसरी, त्यामागं ॲम्बुलन्स, टपावरचा दिवा गरगर फिरत. पुढच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी रामराव. तांड्यात न थांबता ते थेट नाक्याच्या रस्त्याला लागले होते, कारण सायकलवाले तिकडं गेले असं कोणीतरी हात करून सांगितलं. समोर, झाडांच्या सावलीत, मास्तर सायकल चालवताना दिसले. जिवंत. रामरावांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की आनंदात आपल्याकडचा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ड्रायव्हरच्या हातावरून हात घातला आणि हॉर्न दाबून धरला.

मास्तरांचे खांदे कानांना लागले. सायकल हेलपाटली. एक पाय पायडलवरून सुटला आणि मुरमात घासत गेला. उत्तमसिंगांनी आपली सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि दोन्ही हात पसरून जीपसमोर उभे राहिले. सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. सारी खटपट, ते 'उद्या या', तो रेंजर, सगळं एका हॉर्नमध्ये गेलं.

जीपचं मागचं दार उघडलं आणि प्रभावतीबाई खाली उतरल्या. पांढरा पदर डोक्यावर.

"इंजन बंद करा."

"अहो वहिनी, जित्ते हायेत मास्तर..."

"मले दिसते, रामराव. इंजन बंद करा म्हनलं ना. सगळ्या गाड्यायचं. तो दिवाबी."

एकेक इंजिन बंद झालं. मग ते जंगल पुन्हा पहिल्यासारखं झालं. बायका खाली उतरल्या आणि रस्ताभर पांढऱ्या रांगेत उभ्या राहिल्या. विमलताईंच्या हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या होत्या. रुपालीनं "बाबा" म्हणायला तोंड उघडलं, तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

पुढं मास्तर एक पाय टेकून थांबले होते. पाठ यांच्याकडं. मान वळवली असती तर सगळं दिसलं असतं. किती वेळ गेला कोण जाणे. पाण्यावर एक पक्षी ओरडून गेला. मास्तरांनी टेकलेला पाय उचलला, पायडलवर ठेवला आणि निघाले. वळणाशी त्यांचा पांढरा सदरा सागाच्या पानांमागं गेला, पुन्हा दिसला, मग दिसेनासा झाला. पोचवायला आलेली माणसं मागं उभी राहिली आणि ज्याला पोचवायचं तो आपला आपण पुढं गेला.

बऱ्याच वेळानं ते नाक्याला वळसा घालून परत आले. हळूहळू, घामानं निथळत, तोंडावर पोरासारखं काहीतरी. समोर पांढऱ्या साड्यांची रांग, दोन जीपा, ॲम्बुलन्स. त्यांनी ब्रेक लावला.

"कोन गेलं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

रामराव चपलेनं मुरूम टोकरत होते.

"कोनी नाई," प्रभावतीबाई म्हणाल्या. "उतरा. पानी प्या."

तांड्यात आल्यावर खेमसिंगांनी ॲम्बुलन्सभोवती एक फेरी मारली. "मुरमावर गाडी जात नाई म्हनत होते," ते उत्तमसिंगांना म्हणाले. "मेल्या मानसासाठी आली पाहा." मग ड्रायव्हरकडं वळले. "आता रिकामी कायले वापस नेता?" उज्ज्वलाला कळा लागल्या नव्हत्या, पण कळा लागायची वाट त्या रस्त्यावर कोणी पाहत नाही. बाजेऐवजी ती गाडीतून गेली, आणि पांढरकवड्यात चार दिवसांनी बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मास्तर होळीच्या आधी गेले. दुपारी, दिवाणावर, जेवून टेकल्यावर. रामरावांना कळवलं, तर आधी स्वतः येऊन दारात उभे राहिले, मास्तरांच्या छातीकडं बराच वेळ पाहिलं, आणि मगच चप्पल काढली. या खेपेला त्यांनी कोणालाच काही सुचवलं नाही. बिजलीबाई तांड्यातून आली, आणि प्रभावतीबाई तिच्या गळ्यात पडून तिच्याच सुरात रडल्या.

झालं आख्यान. आता एक मागणं आहे, तेवढं पदरात टाका आणि मग उठा. मास्तरांना आठवणारे पुष्कळ आहेत, त्यांचे विद्यार्थी साऱ्या तालुक्यात आहेत. माझं मागणं दुसरं आहे. जो गेला म्हणून पांढरं नेसून निघाली, तो डोळ्यांसमोर जिवंत दिसल्यावरही एक बाई त्याच्याकडं धावली नाही. त्याला हाक मारली नाही. त्याला एकट्याला पुढं जाऊ दिलं, आणि तो वळणाआड जाईपर्यंत लेकीच्या तोंडावर हात धरून उभी राहिली. त्या प्रभावतीबाई अजून त्याच घरात आहेत. कधीमधी त्यांना आठवत जा.